धावण्यात माणूस सगळ्या प्राण्यांना हरवतो, या दाव्याविषयी

"लांब पल्ल्याच्या धावण्यात माणसाला हरवेल असा प्राणी पृथ्वीवर नाही, घामाने शरीर थंड ठेवणे फक्त त्यालाच जमते, त्याचे धावणे सर्वांत कमी ऊर्जाखर्चाचे असते, तेव्हा चालणे सोडा आणि उद्यापासून दहा किलोमीटर धावा," अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर वारंवार फिरत असतो. त्यामागे गंभीर संशोधन आहे, हे आधीच सांगायला हवे. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन या शास्त्रज्ञांनी 2004 साली 'नेचर' या नियतकालिकात माणसाच्या शरीररचनेत दीर्घ धावण्याच्या खुणा दिसतात अशी मांडणी केली होती. त्या मांडणीला जोडलेल्या अटी मात्र या मजकुरातून गळून गेल्या आहेत.

पहिले विधान, कोणताही प्राणी माणसाला हरवू शकत नाही, हे सरळ चुकीचे आहे. वेल्समधील लानर्टिड वेल्स या गावी 1980 पासून माणूस आणि घोडा यांची सुमारे 35 किलोमीटरांची शर्यत होते. पाठीवर स्वार घेऊन धावणाऱ्या घोड्याला पायी धावणाऱ्या माणसाने तिथे पहिल्यांदा हरवले ते 2004 मध्ये. अंतर वाढवले तरी चित्र पालटत नाही. 160 किलोमीटरांचा, म्हणजे शंभर मैलांचा पल्ला अलेक्सांद्र सोरोकिन या लिथुआनियन धावपटूने 2022 मध्ये 10 तास 51 मिनिटांत पार करून विक्रम केला. तेवढेच अंतर सपाट वाळवंटी मार्गावर घोड्यांनी, सक्तीच्या विश्रांतीचा वेळ वगळता, सहा तासांच्या आत कापले आहे. अलास्कातील सुमारे 1600 किलोमीटरांच्या इडिटरॉड शर्यतीत तर सर्वांत वेगवान कुत्र्यांचे संघ बर्फावरून गाडी ओढत आठ-नऊ दिवसांत पोहोचतात, म्हणजे विश्रांती धरूनही दिवसाला दीडशे किलोमीटरांहून अधिक.

घामाविषयीचे विधान खोडायला प्रयोगशाळेची गरज नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावरून माणूस पाठीवर घेऊन चढून आलेल्या घोड्याच्या खोगिराच्या कडेला पाहावे: जिथे कातडे केसांवर घासते, तिथे साबणासारखा पांढरा फेस जमलेला असतो. तो घामच आहे. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचे प्रथिन असते. त्यामुळे घाम दाट केसांवर पसरतो, चटकन वाळतो आणि अंग थंड होते. माणसाचे वेगळेपण आहे ते उघड्या त्वचेत, तिच्यावरच्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींत आणि श्वासाच्या मोकळेपणात. चौखूर उधळलेल्या घोड्याचा श्वास टापांच्या लयीला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. कुत्रा थंड होतो तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे ज्या श्वासावर त्याला धावायचे त्याच श्वासावर. आपली छाती मात्र धावताना पुढच्या पायांचा भार झेलत नाही, त्यामुळे दोन पावलांना एक श्वास घ्यावा की चार, हे आपण बदलू शकतो. भर उन्हात हा फरक मोलाचा ठरतो. थंड हवेत तो जवळजवळ पुसला जातो.

धावणे कमी खर्चाचे, हे विधान मला सर्वांत दिशाभूल करणारे वाटते. धावताना माणसाला दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. आपल्याच वजनाच्या चतुष्पाद प्राण्याच्या तुलनेत हा खर्च दीडपट ते दुप्पट आहे. टाचेमागची अकिलीस कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी चिवट दोरी) आणि तळपायाची कमान प्रत्येक पावलाला ताणल्या जाऊन जवळपास निम्मी ऊर्जा परत देतात, ही रचना विलक्षणच आहे, पण घोड्याच्या लांब कंडराही हेच काम करतात. आपले खरे काटकसरीचे काम चालणे हे आहे, कारण चालताना शरीर उलट्या लंबकासारखे रोवलेल्या पायावरून झुलत पुढे जाते आणि खर्च धावण्याच्या निम्म्याजवळ येतो. म्हणजे ज्या गतीत आपण खरोखर निपुण आहोत, तीच हा मजकूर सोडायला सांगतो!

मग माणसाने धावून शिकार केली ती कशी, असे कुणी विचारेल. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातले शिकारी कुडूसारख्या मोठ्या हरणाला दमवून पकडत, हे खरे आहे आणि लुईस लीबेनबर्ग या संशोधकाने त्याची प्रत्यक्ष नोंद केली आहे. मात्र ती शिकार चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात, धावणे आणि चालणे मिळून, कित्येक तास चालत असे. हरीण क्षणात दिसेनासे होई. ते सावलीत थांबून थंड होण्याआधी त्याला पुन्हा उठवणे हे मोडलेल्या गवतावरून आणि वाळूतल्या खुरांवरून माग काढणाऱ्या डोळ्यांचे काम होते. तो माग हरवला की पायांतले सगळे बळ व्यर्थ जाई.

राहिला सल्ला. चालताना पाऊल जमिनीवर वजनाच्या सव्वापटीच्या आसपास जोर देते, तर धावताना दुपटी-तिपटीने. अकिलीस कंडरेवरचा ताण त्याहून कितीतरी अधिक, वजनाच्या सहा-आठ पट भरतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती बळकट व्हायला महिने लागतात. त्यामुळे दम टिकू लागतो आणि पोटरीच्या खाली, टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर सकाळी उठताच पहिल्या पावलाला दुखू लागते. तिथे दुखू लागले, तर दहा किलोमीटरांचा हट्ट त्याच दिवशी थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.