रोझपेटल बाईंची खाष्ट सासू करू नका

अमेरिकन नाटककार आर्थर कोपिटचं 'ओ डॅड, पुअर डॅड' (पूर्ण नाव याच्या तिप्पट आहे) हे नाटक बसवताना पहिल्याच वाचनात घोटाळा होतो. नाटकातली आई, मादाम रोझपेटल, खाष्ट सासूसारखी तारस्वरात सुरू होते आणि तिसऱ्या प्रवेशापर्यंत प्रेक्षक तिला सरावलेले असतात.

ही बाई नवऱ्याचं पेंढा भरलेलं प्रेत शवपेटीतून सोबत नेते आणि खोलीतल्या कपाटात टांगते. मुलगा बिघडू नये म्हणून त्याला हॉटेलच्या खोलीत कोंडते, जमवायला टपाल तिकिटं आणि नाणी पुरवते. तिच्या लेखी हे संगोपनच आहे. ती हे सगळं मनापासून, नीटनेटकेपणाने करते, म्हणून तर अंगावर काटा येतो! तिच्यामागे लागलेल्या कमोडोरसमोरचं (हा नौदलातला हुद्दा) तिचं लांबलचक भाषण खालच्या पट्टीत ठेवा. त्याचे पाच-सहा तुकडे पाडा, तुकड्याला एकच हालचाल द्या.

मुलाचं, म्हणजे जोनाथनचं, तोतरं बोलणं प्रत्येक शब्दाला नको, दहा मिनिटांत कान किटतात. अडखळायचे शब्द संहितेत पेन्सिलीने ठरवून घ्या. स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून तो रोझली या तरुणीला बघतो. त्याची सगळी कला आणि सगळी वासना त्या नळीत आहे, तिथे बोलणं थोडं मोकळं होऊ द्या.

आता प्रेत. शेवटी ते कपाटातून पलंगावर कोसळतं, तेही रोझली झालेल्या नटीच्या अंगावर. नुसता कापूस भरला तर उशीसारखं तरंगत येतं आणि भलताच हशा पिकतो. सगळीकडे वाळू भरली तर नटीला इजा होते. वजन पाय आणि कमरेत ठेवा, छाती-डोकं स्पंजचं. हातांच्या पंजांत दोन-दोनशे ग्रॅम वाळू पुरते, त्यामुळे हात धडानंतर आपटतात. टाचा कपाटाच्या तळाला बिजागरीने जोडल्या की प्रेत दरवेळी त्याच जागी पडतं. नटीची जागा चादरीवर टाक्याने खूण करून ठेवा.

रोझपेटल बाईंनी पाळलेल्या माणूसखाऊ झाडांचे जबडे फोमचे करा, आत सायकलच्या ब्रेकची केबल. केबलला वळणं जास्त झाली की जबडा उशिरा मिटतो. ओढणाऱ्याला रंगमंच दिसलाच पाहिजे, आवाजावर भागत नाही. १९६२ साली न्यूयॉर्कला हे नाटक जेरोम रॉबिन्ससारख्या नृत्यदिग्दर्शकाने बसवलं होतं. इथे वस्तूंनाही ताल लागतो, तेव्हा तालमीत झाडं पहिल्या आठवड्यापासून हवीत.

शेवटी आई मुलाला विचारते, याचा अर्थ काय? तिला खरंच उत्तर हवंय. प्रकाश लगेच घालवू नका, तीन श्वास मोजा.