पहिली लोकसभा मुकी होती म्हणे!

भाची एमपीएससीचा अभ्यास करते. परवा तिची राज्यशास्त्राची वही सहज चाळत होतो, तर एका पानावर गुलाबी हायलायटरने रंगवलेली ओळ दिसली: ‘पहिल्या लोकसभेत मुंबईसाठी एकही मराठी खासदार उठून बोलला नाही.’ हे कुठल्या पुस्तकात मिळालं, असं विचारलं. म्हणाली, ‘पुस्तकात नाही मामा, आत्याआजीने ग्रुपवर टाकलं होतं. मुद्दे सुटसुटीत होते म्हणून उतरवून घेतले.’

आत्या दिवसाला पंधरा-वीस गोष्टी पुढे ढकलते. मी त्या न वाचताच अंगठा दाखवून मोकळा होतो, हीही माझीच चूक. वर जाऊन हुडकलं. शीर्षक ‘पहिल्या लोकसभेचं काळं सत्य’, मग लाल ठिपक्यांची रांग, आणि शेवटी ‘खरा मराठी असशील तर दहा जणांना पाठव’. सात मुद्दे आहेत. एक, १९५२ ते ५७ ची लोकसभा म्हणजे नेहरूंच्या होयबांचा मेळावा, विरोधक नव्हतेच. दोन, निम्मे खासदार अंगठाबहाद्दर. तीन, मुंबई तोडली जात असताना मराठी खासदार मूग गिळून बसले. चार, हिंदू कोड बिल रातोरात, चर्चेविना उरकलं. पाच, बाबासाहेबांना संसदेत पाऊल ठेवू दिलं नाही. सहा, खासदारांनी स्वतःला तहहयात पेन्शन लावून घेतलं. सात, पाच वर्षांत एकही कामाचा कायदा झाला नाही.

क्रमाने जायचा धीर मला नाही. तिसऱ्याने डोकं उठवलंय, आधी तोच घेतो.

‘मुंबईसाठी एकही मराठी खासदार उठला नाही’

आम्ही रायगडवाले. १९५२ साली आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं (मुंबईतलं कुलाबा नव्हे, कृपा करून) आणि कुलाब्याचे खासदार होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर हा माणूस अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडला, आणि आत्याच्या ग्रुपवर त्यालाच मुक्यांच्या रांगेत बसवलंय.

काय घडलं ते थोडक्यात. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात आला. त्यात विदर्भ वेगळा आणि उरलेलं मुंबई राज्य गुजरातीसह द्विभाषिक, अशी शिफारस होती. ती कोणालाच पटली नाही. मग १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसं मेली. हुतात्मा चौकातून लोकलसाठी धावणाऱ्यांना एवढं तरी ठाऊक असतं.

देशमुखांनी राजीनामा पुढे केला. तो लगेच घेतला गेला नाही. जुलैत ते बाहेर पडले आणि २५ जुलै १९५६ ला लोकसभेत उभं राहून त्यांनी कारणं सांगितली. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात त्या काळच्या चर्चांचे खंड स्कॅन करून ठेवलेत. फुकट आहेत, पण उघडतात रडतखडत. तरी त्या दिवसाचं कामकाज काढून वाचाच. निवेदन इंग्रजीत आहे, आवाज चढलेला नाही, शिवी नाही. आयसीएस माणूस, टिपण लिहावं तसं बोलतो. पण मुद्दे बघा. मुंबईबाबतची घोषणा मंत्रिमंडळाला विचारात न घेता झाली, ही पद्धत घटनेला धरून नाही, असं पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितलं. गोळीबाराची चौकशी करायला सरकार तयार नाही, यावर बोट ठेवलं. स्वतःच्या सरकारबद्दल, सभागृहात, काल-परवापर्यंतच्या अर्थमंत्र्याने. याला मूग गिळणं म्हणत असतील तर मला मूग या कडधान्याबद्दलच फेरविचार करावा लागेल.

देशमुख एकटेही नव्हते. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ काँग्रेसचे खासदार, माजी केंद्रीय मंत्री. आयोगाच्या अहवालावर १९५५ मध्ये लोकसभेत चर्चा झाली तेव्हा महाराष्ट्राची बाजू त्यांनीच लावून धरली. तडजोडीलाही हद्द असते, असं सांगत त्यांनी इशारा दिला की सभागृहाने न्याय केला नाही तर मुंबईचा निकाल मुंबईच्या रस्त्यावर लागेल. लोकांनी ती धमकी मानली. दोन-अडीच महिन्यांत ती भविष्यवाणी ठरली.

आता अर्धसत्य. ते मला नाइलाजाने कबूल करावं लागतं, कारण मीही मराठीच आहे आणि मलाही झोंबतं. काँग्रेसचे कितीतरी मराठी खासदार पक्षशिस्तीच्या पदराखाली राहिले. आणि एक मराठी खासदार जोरात बोलले, पण उलट्या बाजूने: दक्षिण मुंबईचे स. का. पाटील. सावंतवाडीकडचा माणूस, मुंबई काँग्रेसचा दादा, आणि मुंबई महाराष्ट्राला द्यायला ठाम विरोध. तेव्हा राग काढायचाच असेल तर नाव घेऊन काढा. ‘एकही उठला नाही’ म्हणून देशमुखांना आणि पाटलांना एकाच पोत्यात भरू नका.

आणि या मजकुरात ज्याचा पत्ताच नाही अशी एक गोष्ट. सरकारी विधेयकात मुंबई केंद्रशासित होती. सभागृहाबाहेर खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून सह्या गोळा केल्या, ऑगस्टमध्ये लोकसभेत दुरुस्ती झाली आणि मुंबई केंद्राकडे न जाता विशाल द्विभाषिक राज्याची राजधानी झाली. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ, सगळं एका दावणीला. नेहरूंनी मान डोलावली म्हणूनच ते झालं, आणि मराठी माणसाला ते नकोच होतं, दोन्ही खरं. मुंबईसह महाराष्ट्रासाठी १ मे १९६० उजाडावा लागला. पण सरकारने मांडलेली केंद्रशासित मुंबई त्या लोकसभेने पुसली. मुकं सभागृह एवढं करत नाही.

काकासाहेबांचं पुढे काय झालं? १९५७ च्या निवडणुकीत पुणेकरांनी त्यांना पाडलं आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे निवडून दिले. मुंबईसाठी इतकं बोलूनही काँग्रेसमध्ये राहिले, त्याची ही किंमत. मतदारांनी तेव्हाच नीट हिशेब केलेला आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तो सत्तर वर्षांनीही जमलेला नाही.

‘हिंदू कोड बिल रातोरात, चर्चेविना’

ही रात्र पंधरा वर्षांची होती. हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांचा एकत्र मसुदा (हेच हिंदू कोड) करणारी राव समिती १९४१ ची. बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून ते विधेयक हातात घेतलं, चर्चा वर्षानुवर्षं रखडली, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हे सगळं पहिल्या लोकसभेच्या आधीचं, हंगामी संसदेतलं. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही सभागृहांची भेळ केली आहे.

पहिल्या लोकसभेने त्या एका विधेयकाचे चार तुकडे केले: विवाह १९५५ मध्ये, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, आणि दत्तक व पोटगी १९५६ मध्ये. प्रवर समित्या, दोन्ही सभागृहं, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या. विरोध करायला हिंदू महासभेचे न. चं. चॅटर्जी होते, गुण्याहून निवडून आलेले आपले वि. घ. देशपांडे होते. मूठभरच होते, पण बोलायला कोणाला ऐकत नव्हते. ‘चर्चेविना’ म्हणणाऱ्याने ते खंड नुसते उचलून बघावेत, पाठीत उसण भरेल.

यातला मराठी धागा तर कोणाच्याच लक्षात नसतो. विवाह आणि वारसा ही दोन्ही विधेयकं सभागृहात रेटून पार नेणारे मंत्री हरिभाऊ पाटसकर, जळगावचे खासदार. बाबासाहेबांनी सुरू केलेलं काम खानदेशातल्या एका वकिलाने तडीला नेलं, आणि जळगावातल्या किती पोरांना हे माहीत असेल, देव जाणे.

इथेही एक कबुली. जे मंजूर झालं ते बाबासाहेबांच्या मूळ मसुद्यापेक्षा पातळ होतं. मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला नाही. तो महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. टीका करायची तर ही करा ना! खरी आहे आणि बोचरीही.

‘विरोधकच नव्हते, सगळे होयबा’

आकडे काँग्रेसच्याच बाजूचे आहेत. ४८९ पैकी ३६४ जागा तिच्या. दुसरा नंबर कम्युनिस्टांचा, जागा १६. अधिकृत विरोधी पक्षनेता होण्याइतकं संख्याबळ कोणाकडेच नव्हतं, अ. क. गोपालन सगळ्यात मोठ्या गटाचे म्हणून पुढे असायचे. इथवर मजकूर बरोबर.

पण १५ मे १९५२, सभागृह भरून तिसराच दिवस. अध्यक्षाची निवडणूक बिनविरोध झाली नाही. काँग्रेसचे गणेश वासुदेव मावळणकर एका बाजूला, दुसऱ्या बाजूला विरोधकांनी उभे केलेले सोलापूरचे शंकरराव मोरे, शेतकरी कामगार पक्षाचे. ३९४ विरुद्ध ५५. देशाच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली! मावळणकर अहमदाबादचे खासदार, पण घराणं मूळचं आपल्या रत्नागिरीकडच्या मावळंग्याचं. (सोलापूर तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. दुसरे खासदार शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. म्हणजे सोलापूरने एकाच वेळी दोन विरोधी खासदार दिल्लीला पाठवले होते.)

याच मावळणकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव १८ डिसेंबर १९५४ ला विरोधकांनी आणला. पडणारच होता, पडला. पण चर्चा झाली. आणि खुद्द पंतप्रधानांचे जावई फिरोज गांधी सत्ताधारी बाकावरून डिसेंबर १९५५ मध्ये उद्योगपती दालमियांच्या विमा कंपनीच्या कारभाराची चिरफाड करत होते. पुढच्याच महिन्यात आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. संसदेतलं कामकाज वर्तमानपत्रांना निर्धास्त छापता यावं म्हणून फिरोज गांधींनी खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) आणलं आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. आजवर खासगी विधेयकांचे कायदे झालेत उणेपुरे चौदा, शेवटचा १९७० चा. त्यातले बरेचसे याच ‘होयबां’च्या काळातले.

‘बाबासाहेबांना पाऊल ठेवू दिलं नाही’

उत्तर मुंबईतून काँग्रेसने नारायण काजरोळकरांना उभं करून बाबासाहेबांना पाडलं. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. हे लाजिरवाणं आहे, मला त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ ला डोळे मिटेपर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. आंध्र राज्याच्या विधेयकावर १९५३ मध्ये तिथेच ते सरकारवर असे तुटून पडले की ते भाषण आजही लोक उगाळतात. ‘पाऊल ठेवू दिलं नाही’ म्हटलं की त्यांची ती चार वर्षांची भाषणंच पुसली जातात. हा कसला आदर?

उरलेलं

अंगठाबहाद्दर: वकिलांची इतकी भाऊगर्दी असलेलं सभागृह नंतर क्वचितच झालं असेल. पुढे चला.

एकही कामाचा कायदा नाही: अस्पृश्यता गुन्हे कायदा १९५५, नागरिकत्व कायदा १९५५, जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५, कंपनी कायदा १९५६, विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्लीचं एम्स. आत्याचं पेन्शन स्टेट बँकेत जमा होतं, ती बँक १९५५ च्या कायद्याची. काकांची पॉलिसी एलआयसीची, ती १९५६ ची. एवढं पुरे.

तहहयात पेन्शन: १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये पगार आणि दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला. त्यात पेन्शन नव्हतं. पेन्शन आलं १९७६ मध्ये, पाचव्या लोकसभेच्या काळात. शिव्या घालायच्या तर निदान पत्ता बरोबर लिहा.

हे सगळं आत्याला फोन करून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘अरे, मला कुठे एवढं माहिती? शेवटी मराठी असशील तर पाठव म्हटलं होतं, म्हणून पाठवलं,’ म्हणाली. काय बोलणार?

भाचीने वहीत पेन्शनच्या ओळीपुढे पेन्सिलीने १९७६ लिहिलं, हिंदू कोडापुढे पाटसकरांचं नाव. तिसऱ्या मुद्द्यावर मात्र गुलाबी रंग इतका दाट होता की खाडाखोड उठेना. तिने ते पान फाडलं आणि कोऱ्या पानावर वरती तारीख टाकली, २५ जुलै १९५६.