मागच्या रांगेतला मोठा माणूस

अहंकार ओळखणं अगदी सोपं आहे. तो नेहमी दुसऱ्याला असतो. आपल्याला असतो तो स्वाभिमान, आणि त्याला ठेच लागली तरच आपण बोलतो, म्हणजे साधारण रोज. तेव्हा शेजाऱ्याचा अहंकार हेरत राहा आणि आपली नम्रता गावाला नीट दिसेल अशी व्यवस्था करा. त्यासाठी गोव्यात देवळाच्या उत्सवासारखी दुसरी जागा नाही.

नाटकाच्या रात्री थेट मागच्या रांगेत बसा. मात्र जायचं ते पडदा उघडण्याच्या जरा आधी, दिवे चालू असताना, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून. समितीवाला धावत येईल, 'भाई, पुढे चला.' 'नको रे, मी इथंच बरा,' हे असं म्हणा की पुढच्या सोफ्यावरच्या महाजनांना, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांना, ऐकू जावं. (पोर्तुगीज अमदानीतल्या १९३३ च्या देवस्थान कायद्यात महाजनांबद्दल बरंच लिहिलंय, सोफ्याचं तेवढं राहून गेलं.) समितीवाला आलाच नाही तर खोकून बघा.

पावणीत तर नम्रतेला भलताच वाव. देवापुढचा नारळ लिलावात निघतो, पैसे उत्सवाच्या कामाला लागतात, त्यामुळे बोली कितीही चढवली तरी ती भक्तीच ठरते. नारळ तुम्हाला नकोच असतो, परसात माड आहेत. पण शेजाऱ्यानं 'दोन हजार' म्हटलं की तुमची भक्ती अडीचवर जाते. त्यानं पाच म्हटलं तर माजलाय. तुम्ही सहा म्हटलंत, ती देवाची इच्छा. घरी गेल्यावर बायकोलाही हेच सांगा. पटेल याची हमी नाही.

चतुर्थीला गणपतीच्या वर टांगलेली फळांची माटोळी बघायला येणाऱ्याला 'काही नाही हो, दरवर्षीचंच' म्हणा आणि मग कांगलं कुठल्या डोंगरावरून आणलं, आंबाडे कुणाच्या बागेतले, हे सांगत त्याला मान वर करून अर्धा तास उभा ठेवा. फोटो स्वतः टाकू नका. भाच्याला टाकायला सांगा.

एवढं करूनही पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत तुमचं नाव 'आणि इतर'मध्ये गेलं, तर एक शब्द बोलू नका. वेगळं मंडळ काढा. अध्यक्षपद तीनदा नाकारा. चौथ्यांदा आग्रह करणारा माणूस मात्र आधीच ठरवून ठेवा. हल्ली लोक पहिल्याच नकाराला मान देतात.