दोन हजार वाचवले म्हणे!

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. "चौकात ट्रॅफिकवाले उभे आहेत, इन्शुरन्स बघतायत. ज्यांचा संपलाय त्यांनी मागच्या गल्लीने जा." खाली अंगठ्यांची रांग. एका काकांनी तर हात जोडून लिहिलं, "धन्यवाद, दोन हजार वाचवलेत." रोज पहाटे याच ग्रुपवर सुविचार टाकणारे काका बरं का.

मी ग्रुपवर सहसा तोंड उघडत नाही. आज विचारलं, की काका, विमा का नाही काढला? तर उत्तर आलं, "अहो, थर्ड पार्टीत आपल्याला काय मिळतं?"

काही मिळत नाही, काका. तुमच्या गाडीचा आरसा फुटला तर एक रुपया मिळत नाही. तुम्ही ज्याला उडवाल त्याच्या घरच्यांना मिळतं. म्हणून तर कायद्याने सक्तीचा केलाय.

माझ्या जवळच्या लोकांना आमच्या आत्याच्या घरचं माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहिते. नावं, गाव लिहीत नाही, सातारा जिल्हा एवढं पुरे. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांनी २०१८ च्या दसऱ्याला नवी बाईक घेतली. त्याच वर्षीपासून नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला होता, तो शोरूमवाल्यानेच काढून दिला. पाच वर्षं कोणाला आठवण ठेवायची गरजच पडली नाही. २०२३ मध्ये तो संपला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा पीयूसीवाल्याने सांगितलं होतं म्हणे. मामा म्हणाले, बघू दिवाळीनंतर.

२०२४ च्या जानेवारीत, ऊसतोडीचे दिवस, अंधार पडलेला, आतेभाऊ तीच गाडी घेऊन तालुक्याहून परत येत होता. समोरून उसाचा ट्रॅक्टर, त्याचे दिवे डोळ्यावर. कडेने एक गवंडी कामावरून सायकलने घरी चालला होता. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

भाऊ पळाला नाही, तेवढं त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. त्यानेच जीप थांबवली, त्यानेच त्याला उचलून आत ठेवलं. पण रात्री घरी गावातल्या हुशार लोकांचा दरबार भरला. एक म्हणाला, आत्ताच्या आत्ता मोबाईलवरून विमा काढून टाक. (पॉलिसीवर तारीख तर असतेच, सुरू झाल्याची वेळसुद्धा छापलेली असते, राजा.) दुसरा म्हणाला, माझ्या गाडीचा विमा चालू आहे, माझीच गाडी दाखवू. तिसऱ्याचं तर ऐकून मला आजही कसंतरी होतं. म्हणाला, "पोरगं थांबलं इथंच चुकलं. पळाला असता तर त्या घराला सरकारकडून २ लाख तरी मिळाले असते." आणि खरंच, धडक देऊन पळून गेलेल्या गाडीखाली माणूस मेला तर २ लाख देण्याची योजना आहेच.

पुढचं ऐका. पोलीस केस वेगळी आणि नुकसानभरपाईचा दावा वेगळा. लोकांना वाटतं ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं तेव्हाचं कलम) लागलं, जामीन झाला, विषय संपला. विषय तिथून सुरू होतो. गवंड्याच्या बायकोने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा टाकला. सामनेवाले दोन, गाडी चालवणारा आणि गाडीचा मालक. मामा त्या संध्याकाळी घरात जेवत होते, पण आरसी बुकावर नाव त्यांचं. गाडी विकून ट्रान्सफर न करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. आरसीवर नाव तुमचं असेल तर कोर्टाच्या लेखी मालक तुम्हीच, गाडी आज कोणाच्या दारात का उभी असेना.

कोर्टासमोरच्या टपरीवर आमच्या वकिलांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला, मी शेजारीच उभी होते. गवंडी, वय ३८. महिन्याला १५ हजार धरा, वर्षाचे १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतला, पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवा, २ लाख ५२ हजार. घरात बायको, दोन मुलं आणि आई, अशी चार माणसं त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा करा, १ लाख ८९ हजार. गुणिले १५. पंधराच का, मी विचारलं. तर म्हणे वयाप्रमाणे गुणक ठरलेला आहे, सुप्रीम कोर्टाने २००९ सालीच तक्ता दिलाय. बेरीज आली २८ लाख ३५ हजार. "वरकड थोडं धरा, आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याज," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "साहेब, कंपनी किती देईल?" वकील म्हणाले, "कुठली कंपनी?"

निकाल त्याच्याच आसपास लागला.

आणि विमा? त्यांच्या बाईकला वर्षाचा थर्ड पार्टीचा दर ७१४ रुपये होता, वर जीएसटी. साडेआठशेच्या आत. काकांना सांगा कोणीतरी, की तुम्ही वाचवलेत म्हणता ते दोन हजार नुसता दंड आहे. पहिल्यांदा सापडलात तर दोन, पुन्हा सापडलात तर चार, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंतची कैदही लिहिलेली आहे. पण ही सगळी पोलिसाची भीती झाली. २८ लाखांची भीती कोणालाच नाही!

हो, विमा कंपन्याही काही साधू नाहीत. दाव्याला फाटे फोडतात, तारखा वाढवतात, शोरूमवाले नको ते ॲड-ऑन गळ्यात मारतात. मान्य. पण तिथे निदान पैसे असलेला कोणीतरी समोर उभा असतो.

गवंड्याच्या बायकोसमोर कोण उभं होतं? दीड एकराचा शेतकरी. कोर्टाने दिलेला आकडा कागदावर आहे. वसुलीसाठी दरखास्त, मग कलेक्टरकडे दाखला, मग जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली, मग तलाठ्याने सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढवला. आता गावची सहकारी सोसायटी पीककर्ज देत नाही. बोज्याची जमीन घेणारा भाव पाडून मागतो. मामांनी म्हशी विकून, आत्याचं किडुकमिडुक मोडून काही रक्कम कोर्टात भरली. तेवढीच गवंड्याच्या बायकोला मिळाली. बाकीसाठी ती तारखांना येते.

तिचं म्हणणं मी कधी चढ्या आवाजात ऐकलं नाही. वऱ्हांड्यात एकच बाक, त्यामुळे कधीकधी ती आणि आत्या शेजारी-शेजारी बसतात. एकदा आत्याने पिशवीतून भाकरी काढली आणि तिच्यापुढे अर्धी केली. तिने घेतली. दोघी काही बोलल्या नाहीत, शिपायाने पुकारा केल्यावर उठल्या. तिचा मोठा मुलगा दहावीनंतर सेंट्रिंगच्या कामावर जातो. आतेभावाने गाडीला परत हात लावलेला नाही. त्याचं लग्न ठरत नाही, सातबारा बघून पाहुणे परत जातात.

कोणी म्हणेल, गरीब माणूस विसरतो. विसरतो, खरंय. पाच वर्षांनी एखादी गोष्ट कोण लक्षात ठेवणार? त्यांच्यावर माझा राग नाही, म्हणजे मामांवर होता, आता तोही राहिला नाही. माझा राग बारा-पंधरा लाखांची गाडी पार्किंगमध्ये लावून, दिवाळीला बाल्कनीत पाच हजारांची लाइटिंग करून "थर्ड पार्टीत आपल्याला काय मिळतं" विचारणाऱ्यांवर आहे. तुमच्याकडे तर फ्लॅट आहे, पगार आहे. उद्या जप्ती आली तर दाखवायला मामांपेक्षा बरंच काही आहे तुमच्याकडे.

तेव्हा एक काम करा. एमपरिवहन ॲप उघडा, गाडीचा नंबर टाका, विमा कधी संपतोय ते तिथेच दिसतं. स्वतःची झाली की बाबांची जुनी स्कूटर, गावाकडची गाडी, भाच्याला वापरायला दिलेली ॲक्टिव्हा, सगळ्या बघा. नवी गाडी एकदम पाच वर्षांचा विमा काढून घेतलेल्यांनी आधी बघा.

आणि कमेंटमध्ये "कुठल्या कंपनीचा काढू" विचारू नका, मी एजंट नाही. कोणत्याही कंपनीचा काढा, थर्ड पार्टीचा दर सरकारनेच ठरवलेला आहे, सगळीकडे सारखाच पडतो.