कुलूप शाळेच्या दाराला, पिस्तूल घरच्या ड्रॉवरमध्ये

जॉर्जिया राज्याच्या बॅरो काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) विंडर या गावी अपालाची हायस्कूलमध्ये ४ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी गोळीबार झाला आणि त्यात दोन विद्यार्थी व दोन शिक्षक मृत्युमुखी पडले. आरोपी त्याच शाळेतला, अवघ्या १४ वर्षांचा मुलगा होता. अटलांटाच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हा मराठी पालकांसाठी ही घटना नकाशावरच्या कुठल्यातरी अनोळखी ठिकाणची नव्हती. गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशी ती शाळा आहे. त्यानंतर आपल्या लोकांत आणि आसपासच्या अमेरिकन पालकांत ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्यांविषयी बरेच दिवस मनात असलेले येथे मांडतो आहे. काहींना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या व्हॉट्सॲप गटांवर तोडग्यांचा पाऊस पडला. प्रत्येक दाराशी मेटल डिटेक्टर हवा, दप्तरे पारदर्शक असावीत, पोलीस दुप्पट करावेत, शिक्षकांनाच शस्त्रे द्यावीत, परवडत असेल त्याने मुलांना खासगी शाळेत घालावे, नाहीतर घरीच शिकवावे. पुण्या-नाशिकहून काळजीचे फोन येत होतेच. त्यांतला ‘आता परत या’ हा सूरही ओळखीचा होता. पुढच्या काही दिवसांत राज्यभर समाजमाध्यमांवरून शाळांना धमक्या येऊ लागल्या, त्यांपायी कित्येक अल्पवयीन मुलांना अटक झाली आणि भीती आणखी वाढली. या साऱ्या बोलण्यात एक गोष्ट समान होती. प्रत्येक उपाय शाळेच्या इमारतीभोवती फिरत होता.

अपालाचीत इमारतीच्या सुरक्षेने बऱ्याच अंशी आपले काम चोख केले होते. वर्गांची दारे आपोआप कुलूपबंद होणारी होती. वर्गाबाहेर गेलेला आरोपी मुलगा परत आला, तेव्हा त्याच्या हातातली बंदूक पाहून आतल्या विद्यार्थिनीने दार उघडले नाही, असे तिथल्या मुलांनी सांगितले. शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांवर धोक्याची सूचना देणारे बटण होते, आणि ही यंत्रणा नुकतीच बसवलेली होती. शाळेत नेमलेले पोलीस अधिकारी काही मिनिटांत त्या मुलासमोर उभे ठाकले आणि त्याने शरणागती पत्करली. टेक्सासमधील युव्हाल्डे येथे मे २०२२ मध्ये १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा हल्लेखोराला गाठायला पोलिसांनी ७७ मिनिटे लावली होती. त्याच्याशी तुलना केली तर कुलपांनी, बटणांनी आणि नेमलेल्या पोलिसांनी विंडरमध्ये कितीतरी जीव वाचवले, हे मान्यच करायला हवे. म्हणून या गोष्टींवरचा खर्च वाया जातो, असे मी मुळीच म्हणत नाही. तरीही चार माणसे गेली, कारण बंदूक शाळेत पोहोचेपर्यंत ज्या दोन ठिकाणी तिला अडवता आले असते, ती दोन्ही ठिकाणे शाळेच्या आवाराबाहेर होती.

पहिले ठिकाण म्हणजे आधी मिळालेली सूचना. मे २०२३ मध्ये, म्हणजे सव्वा वर्ष आधी, शाळेत गोळीबार करण्याच्या ऑनलाइन धमकीची खबर एफबीआयकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे, आली होती. शेजारच्या जॅक्सन काउंटीच्या शेरीफ (काउंटीचा पोलीस प्रमुख) कार्यालयातील माणसे याच आरोपी मुलाशी आणि त्याच्या वडिलांशी बोलून आली. मुलाने इन्कार केला. घरात शिकारीच्या बंदुका आहेत, पण त्या मुलाच्या हाती एकट्याने लागत नाहीत, असे वडिलांनी सांगितले. ठोस काही हाती न लागल्याने प्रकरण तिथेच थांबले. दुसरे ठिकाण म्हणजे घर. त्या चौकशीनंतरच्या नाताळात वडिलांनी मुलाला रायफल भेट दिली, असे तपासात पुढे आले. घटनेनंतर वडिलांनाही अटक होऊन त्यांच्यावर सेकंड डिग्री मर्डरसह (दुसऱ्या दर्जाचा खून) अनेक आरोप ठेवले गेले.

मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलची कथा याहून वेगळी नाही. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी तिथे चार विद्यार्थी मारले गेले. त्याच सकाळी, गोळीबाराआधी, हल्लेखोर मुलाने कागदावर काढलेले भयंकर चित्र पाहून शाळेने आईवडिलांना बोलावून घेतले होते. चारच दिवसांपूर्वी आपण पिस्तूल खरेदी केले आहे, हे त्यांनी सांगितले नाही. मुलाला घरी नेले नाही. शाळेने दप्तर तपासले नाही आणि मुलगा वर्गात परतला. २०२४ मध्ये दोन्ही पालकांना सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मिशिगनमध्ये लहान मुले असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदा अमलात आला.

शाळांतील हल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ च्या अहवालात नोंदवले की ज्या हल्ल्यांत बंदूक वापरली गेली, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश हल्ल्यांत ती पालकांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून आलेली होती. उधळल्या गेलेल्या कटांचा त्यांनी २०२१ मध्ये केलेला अभ्यास सांगतो की बहुतेक वेळा कोणीतरी, बरेचदा बरोबरीच्या मुलाने, काहीतरी पाहिले किंवा ऐकले आणि मोठ्यांच्या कानावर घातले. शिवाय हा प्रश्न शाळेपुरता नाही. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदूक हे आहे, आणि त्यात शाळेतल्या गोळीबारांचा वाटा फार थोडा आहे. आत्महत्या आणि घरात खेळता खेळता सुटलेली गोळीही त्यातच येते. मेटल डिटेक्टर त्यांचे काय करणार?

एप्रिल २०२५ मध्ये जॉर्जियाने शालेय सुरक्षेचा नवा कायदा केला. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, इमारतींचे डिजिटल नकाशे, शाळा बदलणाऱ्या मुलाच्या नोंदी नव्या शाळेला लवकर मिळण्याची व्यवस्था, हे सारे त्यात आले. नोंदींची तरतूद मला विशेष मोलाची वाटते, कारण अपालाचीतला मुलगाही त्या शाळेत नवखाच होता. मात्र घरातली बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती त्या कायद्यात नाही. ज्या राज्याने २०२२ मध्ये परवान्याविना पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली, तिथे ती सक्ती उद्या होईल, अशी आशा मी धरून बसलेलो नाही.

म्हणूनच कायद्याने सोडून दिलेले काम शेजारपाजारच्या पालकांनी उचलावे, असे मला वाटते, आणि तिथेच आपण सगळे अडखळतो. मुलाला मित्राकडे रात्रभर राहायला पाठवताना आपण शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का विचारतो, कुत्रा चावरा तर नाही ना याचीही चौकशी करतो. पण ‘तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असल्यास कुठे ठेवता?’ हे विचारताना जीभ रेटत नाही. मी आता हे विचारतो. मुलीच्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘दोन आहेत, दोन्ही सेफमध्ये, काडतुसे वेगळी,’ आणि वर आमच्याही घराची चौकशी केली. दुसऱ्या एका घरी मात्र हा प्रश्न अपमान मानला गेला आणि पुढे आमंत्रणे थांबली. मुलगी थोडे दिवस हिरमुसली होती. त्याला माझा इलाज नाही.

हा प्रश्न फक्त अमेरिकन शेजाऱ्यांना विचारायचा आहे, असा समज करून घेऊ नका. भारतीयांच्या घरांत सोन्यासाठी घरफोड्या झाल्यापासून आपल्यातल्याही काही ग्रीनकार्डधारकांनी आणि नागरिकांनी पिस्तुले घेतली आहेत. मंडळाच्या गणपतीत दबक्या आवाजात त्याची चर्चाही होते. गंमत अशी की चोरांच्या भीतीने पाटल्या-बांगड्या बँकेच्या लॉकरमध्ये गेल्या आणि पिस्तूल मात्र पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये आले. त्या ड्रॉवरची किल्ली कुठे असते, हे घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते, असे ज्यांना वाटते, त्यांनी दिवाळीचा फराळ लपवून पाहावा.

‘आपण व्हिसावर, आपल्याला मत नाही, आपण कशाला बोलायचे’ हा युक्तिवादही मी पुष्कळदा ऐकतो. निवडणुकीत मत नसले तरी आमच्या काउंटीत स्कूल बोर्डाच्या (शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या) बैठकीत नाव नोंदवून तीन मिनिटे बोलता येते आणि तिथे कोणी व्हिसा तपासत नाही. मागच्या बैठकीला सभागृहात बसायला जागा नव्हती. एकामागून एक पालक मेटल डिटेक्टरवर बोलले आणि बोर्डाने मान डोलावली. शाळेच्या सुरुवातीला घरोघर जाणाऱ्या कागदपत्रांत बंदूक कुलूपबंद ठेवण्याविषयी एक पान घालावे, पोलीस ठाण्यांतून मोफत मिळणारी केबल लॉक (बंदुकीत ओवायची तारेची कुलपे) पालकसभेच्या टेबलावर ठेवावीत, आणि मुलांनी निनावी कळवलेली माहिती नेमकी कोण, किती तासांत वाचतो, हे जाहीर करावे, या मागण्या तिथे कोणीच केल्या नाहीत. यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. पुढच्या बैठकीसाठी मी नाव नोंदवले आहे. आपल्या गटातले ज्यांना शक्य आहे त्यांनीही नोंदवावे, म्हणजे तीन-तीन मिनिटांत हे तिन्ही मुद्दे नीट मांडता येतील.