जावई पॅक

सोमवारी सकाळी ऑफिसच्या हजेरीच्या मशीनने माझा अंगठा ओळखायला नकार दिला. पाच वेळा. मग तर्जनी लावली, मग डावा हात. मागे उभ्या असलेल्या शिपायाने वाकून माझी बोटं पाहिली आणि हळूच विचारलं, "साहेब, फटाके?" डिसेंबरात कोण फटाके उडवतं? म्हटलं, वांगी. तो दोन पावलं मागे सरकला. अर्धा दिवस कापला गेला तो गेलाच.

तर वांगी. रविवारी अमळनेरजवळ सासऱ्यांच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजेपर्यंत पुरुषमंडळींना काम नसतं, म्हणून पत्ते. पैसे लावायचे नाहीत, भुईमुगाच्या शेंगा लावायच्या, प्रत्येकी पन्नास. ज्याच्या आधी संपतील त्याने भाजलेली वांगी सोलायची. अकरा किलो, आगीतून काढल्या काढल्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या जावयाला अजून काहीच मिळालेलं नाही.

मेहुण्याचा मुलगा पुण्याहून आला होता. हा आधी मोबाइलवर पोकर खेळायचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाले, तेव्हापासून नातेवाइकांवर आलाय. "फुवा, तीन पत्ती काय खेळता? होल्डेम खेळू." प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन, मग एक, मग एक. सातांतले चांगले पाच धरायचे. ब्लाइंड हा शब्द कानावर पडला तसा मी पत्ते न उचलता रुबाबात बसून राहिलो. आपल्या तीन पत्तीत ब्लाइंडला मान असतो, पत्ते बघितलेल्याला त्याच्या दुप्पट टाकावे लागतात. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे नुसती पट्टी निघाली. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते मिळण्याआधीच मुकाट्याने भरायची. डावीकडे मीच होतो. आमच्या तीन पत्तीतला बूट, म्हणजे डावाआधीची वर्गणी, बरा, निदान सगळ्यांकडून सारखा घेतात.

आता अप्पा. माझे चुलत सासरे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. गळ्यात माळ, त्यामुळे पत्त्याला हात लावत नाहीत. पण खाट बरोबर आमच्या डोक्याशी ओढून घेतात, सगळ्यांचे पत्ते बघतात आणि न्याय करतात. न्यायाची फी म्हणून मधल्या ढिगातली एकेक शेंग फोडून खातात. पहिल्याच डावात पोरगा "चेक" म्हणाला. म्हणजे काही न लावता पाळी पुढे ढकलली. अप्पांनी काठी आपटली. "चेक चालत नही. रोख काढ!" पोराने समजावलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या चेकला पुन्हा काठी आपटली.

मग माझा डाव आला. हातात चौकट अठ्ठी, बदाम नव्वी. मध्ये दश्शी, गुलाम, राणी. ओळीने पाच, सरळ सिक्वेन्स! तीस शेंगा ढकलल्या. पोराने किलवरचा एक्का आणि पंजी टाकली, मध्ये किलवरचे तीन होतेच, पाचही एकाच रंगाचे म्हणजे कलर, आणि ढीग ओढायला लागला. मी हात धरला. "अरे, कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा!" सगळे अप्पांकडे बघायला लागले. ज्या माणसाने जन्मात पोकर पाहिला नव्हता त्याच्याकडे!

अप्पांनी शेंग फोडली. एकच दाणा निघाला, तो निरखून पाहिला, तोंडात टाकला.

"जवाईबापू, नंबरवार पाच जन ते रेशनना लाईनमाबी भेटतस. पन एक घरना पाच जन एक पंगतमा बठेल तुम्ही कधी देखं का?"

सगळी खाट हसली. शेताच्या बांधावरून वाद आहे, तीन भावांपैकी एक पार्टीला आलेलाच नव्हता, हे सगळ्यांना माहीत. कलर मोठा ठरला.

पुढे पोराने ओमाहा काढला. हातात चार पत्ते. मला चारही बदाम, मध्ये एक बदाम. पाच झाले की! नाही. ओमाहात हातातले दोनच धरायचे, मधले तीनच, कमी नाही, जास्त नाही. हातातले बाकीचे दोन बदाम म्हणजे लग्नात आलेल्या आहेरासारखे, घेता येत नाहीत आणि परतही करता येत नाहीत. "फुवा, तुमच्यासाठी लोबॉल आहे, त्यात सगळ्यात वाईट पत्ते जिंकतात," पोरगा म्हणाला. आमची तीन पत्तीतली मुफलिस तीच, हे त्याला सांगायलाही माझ्यात जीव नव्हता.

शेवटी मी हट्टाने तीन पत्ती लावली. घरचा खेळ. आणि हातात इस्पिक एक्का, दश्शी, छक्की. कलर! आत्ताच तर शिकलो होतो. उरलेल्या सगळ्या शेंगा टाकल्या. मेहुण्याने चौकी, पंजी, छक्की दाखवली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची.

"कलर मोठा," मी म्हणालो.

"तीन भाऊ ते एकत्र बठतसच," अप्पा शेंग फोडत म्हणाले, "एकना मांगे एक, लागोपाठ, असा तीन कोठे भेटतस?"

अहो, दहा मिनिटांपूर्वी!

वांगी मी सोलली. बायको केळीच्या पानावर कळण्याच्या पुऱ्या मांडत होती, माझ्याकडे बघत नव्हती. एकाने पाणी दिलं नाही. बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, वांगी ठेचायला मात्र चारचौघं धावले, कारण त्याचे फोटो निघतात. मी जेवायला बसलो तेव्हा भरीत गार होतं आणि वरचं तेल संपलं होतं. हे मी विनोद म्हणून सांगत नाहीये.

रात्री बोटांना कोरफड लावून हिशेब मांडला. पाच पत्त्यांचे हात होतात 25,98,960. त्यांत कलर 5,108, सिक्वेन्स 10,200, म्हणजे कलर दुर्मीळ. तीन पत्त्यांचे हात 22,100. त्यांत कलर 1,096 आणि सिक्वेन्स फक्त 720. अप्पा दोन्ही वेळा बरोबर! चीड त्याचीच आली. पण त्याच वहीत मला एक घबाड सापडलं. ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, होते 52 प्रकारे आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचे ओळीने तीन, 48. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी आपल्या तीन पत्तीत ट्रेल वर! कसिनोतल्या थ्री कार्ड पोकरमध्ये हा क्रम सरळ लावलाय, तिथे प्युअर सिक्वेन्सच वर. पिढ्यान् पिढ्या खानदेश चुकीचा खेळतोय!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत करंगळीने नंबर दाबून अप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बावन्न, अठ्ठेचाळीस, थ्री कार्ड पोकर, सगळं. पलीकडे शेंग फुटल्याचा आवाज आला.

"जवाईबापू," अप्पा म्हणाले, "काल त्यामा एक वांगं कच्चं व्हतं."