दाढ आधी की विमान?

तिकीट काढून झालं होतं, तेही नॉन-रिफंडेबल, कारण ते स्वस्त पडतं आणि तिकीट काढताना माणूस स्वतःला ठणठणीत समजत असतो. हॉटेल बुक होतं. पासपोर्ट दोनदा उघडून बघितला होता, बरेच देश पासपोर्टची मुदत अजून 6 महिने शिल्लक असायला हवी म्हणतात, ती होती. म्हणजे कधी नव्हे ते सगळं जागच्या जागी होतं. आणि विमानाला 19 दिवस उरलेले असताना माझी दाढ दुखायला लागली.

वरची, डावीकडची, शेवटून दुसरी. निदान पहिल्या दिवशी तरी तीच होती. दुसऱ्या दिवशी वाटलं शेवटची असावी, तिसऱ्या दिवसापर्यंत जिभेने चाचपून चाचपून तिन्ही दाढा संशयित वाटायला लागल्या आणि जीभही दुखायला लागली. दुखणं पण काहीतरी वेगळंच, गार पाण्याने काही नाही, चावताना जरासं, पण बॅग भरायला खाली वाकलो रे वाकलो की असा ठणका यायचा की हातातले मोजे हातातच राहायचे. हे मी बायकोला सांगितलं.

"बॅग भरायची म्हटलं की तुझं काहीतरी दुखतंच. मागच्या वेळी खांदा होता."

आता मागच्या वेळी खांदा खरंच दुखत होता, पण तो विषय वेगळा.

खरं तर उठायचं आणि डेंटिस्टकडे जायचं, एवढं सोप्पं होतं. पण डेंटिस्टला भेटण्याआधी आपल्याला काय झालंय हे नक्की माहीत असावं असं मला वाटतं, नाहीतर तिथे खुर्चीत आडवं पडून, तोंडात आरसा घेऊन, "आँ आँ" करत काय निर्णय घेणार? म्हणून आधी चार लोकांना विचारलं. चार म्हणता म्हणता अकरा झाले.

ऑफिसमधला शेजारचा म्हणाला काढून टाक, आत्ताच्या आत्ता, परक्या देशात मध्यरात्री दात दुखला तर भाषा येत नाही तिथे हातवारे करून काय सांगशील? हे मला पटलं. संध्याकाळी ताईचा फोन आला, ती म्हणाली खबरदार काढलीस तर. दाढ काढली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती निखळली की खालचं हाड उघडं पडतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि ते दोन-तीन दिवसांनी असं काही दुखतं की मूळ दुखणं परवडलं. स्ट्रॉने काही ओढायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, हे नाही ते नाही. "तुला एवढं सगळं कसं माहिती गं?" तर तिचं झालं होतं, बारा वर्षांपूर्वी. मग मला हेही पटलं.

माझ्या लक्षात आलं की प्रत्येकजण माझ्या दाढेकडे बघत बघत स्वतःचंच जुनं दुखणं सांगत होता. एकाने तर दाढेचा विषय काढून मूतखड्यावर नेला आणि अर्धा तास खाली उतरलाच नाही.

सगळ्यात घाबरवलं ते मेहुण्याने. त्याला फिजिक्स येतं. "दाजी, विमान 35 हजार फुटांवर असलं ना, तरी आतली हवा 6 ते 8 हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असते. मग बंद जागेतली हवा फुगते. वरती पाणी पिऊन बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि खाली उतरल्यावर बघा, पार चेपलेली असते." मी म्हणलं माझी दाढ बाटली आहे का? तर म्हणे, किडलेल्या दातात किंवा नीट न बसलेल्या फिलिंगखाली हवा अडकलेली असेल तर ती तिथेच पाव ते एक तृतीयांश फुगू बघणार, आणि दात काही फुगत नाही. या दुखण्याला नाव पण आहे, बॅरोडोन्टाल्जिया, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना व्हायचं. तोपर्यंत माझी नुसती दाढ दुखत होती हो. आता तिला सहा अक्षरी नाव मिळालं, वर युद्धाचा इतिहास मिळाला, त्या रात्री ती दुप्पट दुखली.

मावशीला दाढेशी काही देणंघेणंच नव्हतं. तिचं एकच, "अरे, उलटीची गोळी घे हं, निघायच्या अर्धा तास आधी." मी म्हणलं मावशी, मला उलटी होत नाही, दाढ दुखते. "तरी घे." यावरून आठवलं म्हणून सांगतो, डायमेनहायड्रिनेट म्हणून जी प्रवासातल्या उलटीची गोळी आहे तिचा हा गुण सापडला तोच मुळात चुकून. 1947 च्या सुमाराला अमेरिकेत एका बाईला अंगावर पित्त उठतं म्हणून ते औषध दिलेलं, आणि तिने येऊन सांगितलं की पित्ताचं राहू द्या, ट्राममध्ये मला मळमळायचं ते थांबलं. म्हणजे औषध कातडीचं आणि गुण ट्राममध्ये. मला तेव्हा हा किस्सा नुसता गंमत म्हणून भारी वाटला होता. वाटायला नको होता, विचार करायला हवा होता, पण ते पुढे.

मग विमा आठवला. पॉलिसी काढून वाचली, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा वाचली. दाताचं अचानक उद्भवलेलं दुखणं चालेल, आधीपासून असलेला आजार चालणार नाही. आता माझं दुखणं अचानक उद्भवलेलं होतंच की, पण प्रवासाच्या 19 दिवस आधी अचानक. फोन लावला तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात, "सर, दुखणं नक्की कोणत्या तारखेला सुरू झालं?" मी दोन सेकंद गप्प बसलो. त्या दोन सेकंदांत माझ्या डोक्यात जे काही येऊन गेलं ते समोर बसलेल्या बायकोने वाचलं आणि नुसती मान हलवली. मी खरी तारीख सांगितली. मुलगी म्हणाली, धन्यवाद सर, मग हे कव्हर होणार नाही.

एव्हाना मी एक्सेल शीट बनवलं होतं. दाढ काढली तर जखम भरायला किती दिवस, रूट कॅनाल केलं तर दोन-तीन सिटिंग, त्यातली शेवटची परत आल्यावर ठेवायची का मधे टेम्पररी फिलिंग घेऊन उडायचं, मग मेहुण्याची बाटली. काहीच केलं नाही तर पेनकिलर हँडबॅगेत, कारण सामान हरवलं तर दाढ आपल्याबरोबर आणि गोळ्या तिसऱ्याच देशात. शीटमध्ये पिवळा, हिरवा, लाल असे रंगही दिले. शेवटी सगळ्याच रकान्यांत पिवळा आला. एवढं होईस्तोवर 8 दिवस उरले, आणि बायकोने मला न विचारता अपॉइंटमेंट घेतली.

डेंटिस्ट बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "कोणती?" मी म्हणलं ही. मग म्हणलं, नाही, ही. मग गालाच्या वरती बोट नेऊन म्हणलं, म्हणजे असं इथपर्यंत सगळंच. त्यांनी एकेक दाढ ठोकून बघितली, गार कापूस लावून बघितला, एक्स-रे काढला, तो बराच वेळ बघत बसल्या. मी शीटची प्रिंट खिशात चाचपत होतो.

"खाली वाकलं की जास्त दुखतं का?"

मी बायकोकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती एवढं कळत होतं.

"मधे सर्दी झाली होती का?"

झाली होती, महिन्याभरापूर्वी, गेली पण. त्या म्हणाल्या, गेली नाही, वर जाऊन बसलीये. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, अगदी तळाला टेकलेली असतात, सायनस भरलं की माणसाला वाटतं दाढच दुखते, आणि एक नाही, दोन-तीन एकदम. तुमच्या दाढा छान आहेत. नाकाच्या डॉक्टरांना दाखवा.

छान आहेत! अकरा लोकांनी त्या तीन निरपराध दाढांना फाशी सुनावली होती, एकाने तर तारीखही दिली होती.

नाकाच्या डॉक्टरांनी औषधं दिली, स्प्रे दिला, आणि सांगितलं की हा स्प्रे चार-पाच दिवसांच्या वर मारू नका, नाहीतर नाक त्याचीच सवय लावून घेतं आणि उलटं आणखी चोंदतं. विमानाचं विचारलं तर म्हणाले, चढताना त्रास कमी, उतरताना जास्त, कारण तेव्हा बाहेरचा दाब वाढतो आणि चोंदलेल्या सायनसमध्ये हवा शिरायला वाटच नसते. आठवड्यात मोकळं झालं तर खुशाल जा. नाही झालं तर मला फोन करा. दुसऱ्या कुणाला नको. हे शेवटचं ते असं का म्हणाले कळलं नाही, बायको आत आधी जाऊन काही बोलली असेल तर माहीत नाही.

घरी येऊन मी सगळ्यांना मेसेज टाकला की दाढ नाही, नाक आहे, काळजी नसावी. दहा मिनिटांत ऑफिसमधल्याचा रिप्लाय, ऑपरेशन करून टाक. ताईचा फोन, खबरदार. मेहुण्याने एक आकृती पाठवली, तीत बाटली होती.

चौथ्या दिवशी ठणका कमी झाला. मी ट्रायल म्हणून बॅगेसमोर हळूच वाकलो, काही झालं नाही, अजून वाकलो, तरी काही नाही. सरळ होऊन बघतो तर बायको दारात उभी.

"नाही दुखत ना? मग आता माझी पण भर."